आधी डाळ ठरवा, भाजी नंतर

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय: "जळगावला नोकरी, रोजचं अप-डाऊन. संध्याकाळी सव्वासातला घरी पोचते. घरात आम्ही पाच जण आहोत. यांची शिफ्ट ड्युटी, मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, सासूबाईंना साखरेचा त्रास. आल्या आल्या 'आज भाजी काय करू' यातच अर्धा तास जातो. मग आठवड्यातून दोन-तीनदा शेवभाजीचं पार्सल येतं. महिन्याला सात-आठ लिटर तेल लागतं. मुलगा भाजीला हात लावत नाही. मला भाकरी नीट थापता येत नाही, म्हणून रोज पोळ्याच. कमी पैशात, कमी वेळात घरचं पौष्टिक जेवण कसं जमवू?"

ताई, मी गेली वीस वर्षं जळगावात आहाराचा सल्ला देण्याचं काम करते. त्यातली पहिली नऊ वर्षं दवाखान्यातल्या नोकरीत गेली. तेव्हा मीही सातनंतरच घरी यायचे, त्यामुळे तुमची संध्याकाळ मला चांगली माहीत आहे. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "आज भाजी काय करू". तुमचा वेळ तिथेच जातोय, आणि जेवणातलं पोषणही तिथेच निसटतंय. प्रश्न भाजीचा असला की उत्तर बाजारावर अवलंबून राहतं. भाजी संपलेली असते, निवडायची राहिलेली असते, नाहीतर मुलाला नको असते. मग पार्सल येतं. प्रश्न डाळीचा केला की उत्तर डब्यात भरलेलंच असतं. म्हणून रात्रीचं जेवण डाळीपासून ठरवा, आणि ते सकाळी चहा टाकताना ठरवा. भाजी जी असेल ती नंतर जोडता येते.

डाळ म्हणजे फक्त तूर नव्हे. मूग, मठ, हरभरा, चवळी, सालाचे उडीद, बेसन, सगळं त्यात धरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरीच्या ताटासाठी त्यात कडधान्यं-डाळी (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तृणधान्य २५० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं प्रमाण दिलंय. आपल्याकडे धान्य भरपूर होतं, तेल त्याहून भरपूर होतं, आणि डाळ पातळ होत जाते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत पाच माणसांच्या वरणाला अर्धी-पाऊण वाटी डाळ असते, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास. त्यातून माणशी साडेतीन ग्रॅम प्रथिनं मिळतात. तीच डाळ २०० ग्रॅम घेतली तर माणशी नऊ ग्रॅमच्या जवळ जातात. एकदा काट्यावर २०० ग्रॅम मोजा, तुमच्या कोणत्या वाटीत ती किती भरते बघा, आणि तीच वाटी डाळीच्या डब्यात ठेवून द्या. पुन्हा मोजायची गरज नाही.

खर्चाची काळजी वाटत असेल तर आधी पार्सलाचा हिशोब मांडा. दोन शेवभाज्या, दहा-बारा पोळ्या आणि वर ताकाचे पैसे. तेवढ्यात दोन-अडीच किलो तूरडाळ येते, म्हणजे दहा-बारा संध्याकाळींची सोय. शिवाय आपल्या जळगावात डाळमिल भरपूर आहेत. त्यांच्याकडची किंवा किराणा दुकानातली फुटकी डाळ अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त असते. पोषणात काही फरक नाही, उलट लवकर शिजते. वरणाला, खिचडीला आणि फुणक्यांना, म्हणजे डाळीच्या वाफवलेल्या मुठ्यांना, मी तीच वापरते. फक्त आणल्यावर नीट पाखडून, निवडून घ्या. आणि वर्षाची डाळ भरत असाल तर उन्हात खडखडीत वाळवून एरंडेल तेलाचा हात फिरवा. बोरिक पावडर अजिबात लावू नका, ती पोटात जायची वस्तू नाही.

आता वेळेबद्दल. सकाळी डब्यासाठी कुकर लावताच ना? त्यातच रात्रीचीही डाळ साधी, नुसती हळद घालून शिजवा. संध्याकाळी फोडणी दिली की काम झालं. पण आपल्या उन्हाची आठवण ठेवा. भुसावळला एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. शिजलेली डाळ ओट्यावर ठेवून तुम्ही स्टेशन गाठलंत, तर संध्याकाळी ती आंबलेलीच मिळेल. रुंद पातेल्यात काढा, पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि निघण्याआधी फ्रीजमध्ये टाका. भिजवलेल्या कडधान्याचंही तसंच. सकाळी भिजवून दिवसभर बाहेर ठेवायचं हे थंडीतच चालतं. मार्चनंतर भिजवलेलं पातेलंही फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोड काढायला मात्र आपला उन्हाळा चांगला, रात्री फडक्यात बांधले तर सकाळी मोड दिसू लागतात. डिसेंबरात दीड-एक दिवस लागतो आणि गाठोडं उबेला ठेवावं लागतं.

शेवभाजीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचं पार्सल तिथे अडकलंय. शेवभाजी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, खानदेशात राहून म्हणूही नये. पण शेव म्हणजे तळलेलं बेसन. शंभर ग्रॅम शेवेत तीस ग्रॅमच्या वर तेल असतं, त्यावर रश्श्याची तर्री. म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं तेल एका ताटात संपतं. सगळ्यांना मुळात आवडतो तो झणझणीत काळ्या मसाल्याचा रस्सा. तो रस्सा तसाच ठेवा, शेवेच्या जागी डुबुक वडे सोडा. तुमच्या सासूबाईंना ते नक्की येत असतील, त्यांना विचारा. पाच माणसांना दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम बेसन, त्यात तिखट, मीठ, हळद, ओवा, बचकभर कोथिंबीर, आणि भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट भिजवायचं. दोन मोठे चमचे तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून काळा मसाला टाका, सव्वा ते दीड लिटर गरम पाणी घाला. रस्सा खळखळून उकळला की चमच्यानं पिठाचे लहान लहान वडे त्यात सोडा. पाणी उकळतं नसेल तर वडे विरघळतात, आणि सोडल्यावर पहिली चार-पाच मिनिटं डाव फिरवला तर मोडतात. या दोनच गोष्टी सांभाळायच्या. बारा-पंधरा मिनिटांत वडे आतपर्यंत शिजतात आणि रस्सा बेसनानं आपोआप दाटसर होतो. तळण नाही, भाजी चिरणं नाही.

भाजीला हात न लावणाऱ्या मुलासाठीही हीच वाट आहे. वड्याच्या पिठात मूठभर बारीक चिरलेली मेथी, पालक किंवा किसलेलं गंगाफळ (लाल भोपळा) घाला. पण लपवून घालू नका. त्याला सांगा, हवं तर त्यालाच मेथी निवडायला बसवा. लपवलेलं सापडलं की मुलं पुढे सगळ्याच ताटाकडे संशयानं बघतात, हे मी खूप घरांत पाहिलंय. पातोडीचा रस्साही याच जातीचा. बेसन शिजवून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि रश्श्यात सोडायच्या. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, पण वड्या आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येतात.

रश्श्याचं वाटण रोज करू नका. रविवारी अर्धा किलो कांदे उभे चिरून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात काळपट भाजा. सुकं खोबरं वेगळं भाजा. लसूण, आलं, कोथिंबीर घालून पाणी शक्यतो न घालता वाटा. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस फ्रीजमध्ये टिकतं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तशी एकेक वडी काढायची. या एका डब्यानं तुमची रोजची वीस मिनिटं वाचतील.

आता भाकरी. इथे मला तुमच्याशी थोडा हट्ट करावासा वाटतो. तुम्हाला थापता येत नाही कारण तुम्ही बहुधा नुसत्या ज्वारीची करून बघता, तीही महिनाभर पडून राहिलेल्या पिठाची. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळलं तरी काठ फाटतात. कळण्याचं दळण आणा. एक किलो दादर किंवा साधी ज्वारी, पाव किलो सालासकट अख्खे उडीद आणि चवीपुरतं जाडं मीठ. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ हाताला ऐकतं आणि शिकाऊ हाताचीही भाकरी मोडत नाही. दळण पंधरा दिवस पुरेल एवढंच आणा. मीठ दळणातच असल्यामुळे कालवणात मीठ जरा कमी टाका, नाहीतर दिवसाच्या पाच ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते.

कळण्याचं मोल चवीपलीकडेही आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर. उडदात जे कमी, ते ज्वारीत सापडतं. दोन्ही एकत्र आले की शरीराला दोघांचाही उपयोग जास्त होतो. आपल्या बायकांनी भरीत आणि कळण्याची भाकरी यांची जोडी का लावली असेल, याचा मी खूप वेळा विचार करते. भरताच्या वांग्यात प्रथिनं नावालाच असतात, ती उणीव भाकरीतले उडीद भरून काढतात. थंडीत असोदा, बामणोदकडची ती मोठी, हिरवी, कमी बियांची वांगी आली की भरीत हे कामाच्या दिवसाचंही जेवण होऊ शकतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ शहरात कुठून आणणार, गॅसवर जाळी ठेवून भाजा. दोन वांगी भाजेपर्यंत भाकऱ्या होतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. फक्त फोडणीत तेल ओतताना हात आवरा. भरीत पार्टीत जेवढं तेल असतं, तेवढं घरच्या बुधवारी नको. कांद्याची पात आणि शेंगदाणे मात्र भरपूर घाला.

रोज भाकरी थापायची म्हणजे ओट्यापाशी अर्धा तास उभं राहणं. दिवसभराच्या नोकरीनंतर ते सोपं नाही, म्हणून आठवड्यातून दोन रात्री खिचडी ठेवा. आपल्याकडे खिचडी होते, पण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ. ते उलटं करायला नको, सारखं करा. दोन वाट्या तांदूळ, दोन वाट्या तूर किंवा सालाची मूगडाळ, सोबत मूठभर शेंगदाणे. वरून तेलाची लसूण-मिरचीची फोडणी प्रत्येकाच्या ताटात चमच्यानं मोजून घाला, पातेलं फिरवू नका. सोबत कढी, आणि बिबडे (ज्वारीचे पापड) तळण्याऐवजी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजा. सासूबाईंच्या ताटात खिचडी कमी, कढी आणि कोशिंबीर जास्त.

फुणके रविवारी करून ठेवण्याजोगे. फुटकी तूरडाळ आणि हरभराडाळ चार-पाच तास भिजवून मिरची-लसणाबरोबर जाडसर वाटायची, कांदा किंवा शेपू मिसळून मुठे वळायचे आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. दोन दिवस फ्रीजमध्ये चांगले राहतात. एका रात्री कढीबरोबर खायचे, दुसऱ्या रात्री हातानं मोकळे करून फोडणीत परतले की भाजीची गरज उरत नाही. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी मात्र सुटीच्याच दिवशी. ती घाईची गोष्ट नाही, आणि तळण्याऐवजी काप करून तव्यावर थोड्या तुपात खरपूस केली तरी गोड लागते.

तेलाचा हिशोब पक्का सांगते. दिवसाला माणशी २७ ग्रॅम, पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे चार किलोच्या आसपास, साडेचार लिटरच्या आत. बाहेरची शेव, फरसाण, बिस्किटं यांतलं तेल-तूपही याच हिशोबात येतं. म्हणजे सात दिवसांना एक लिटरची पिशवी. रविवारी एक लिटर बाटलीत ओतायचं आणि मोठा डबा कपाटात ठेवायचा. शुक्रवारी बाटली रिकामी झाली तर शनिवारी वाफवलेलं खायचं. "तेल कमी करा" असं नुसतं सांगून कोणाच्याही घरातलं तेल कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. बाटली समोर ठेवली की होतं. सात-आठ लिटरवरून पहिल्याच महिन्यात साडेचारवर यायला जाऊ नका. सहावर या, मग पाचवर.

भाज्यांसाठी आठवडे बाजाराचा दिवस धरा, संध्याकाळी उशिरा गेलात तर पालेभाजी निम्म्यातही मिळते. मेथी, पोकळा, तांदुळजा पहिल्या तीन दिवसांत संपवायच्या. न धुता, निवडून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. गिलके, दोडके मधल्या दिवसांना, आणि गंगाफळ शेवटाला, कारण न कापलेलं गंगाफळ कितीतरी दिवस टिकतं. आपल्या भागात कच्ची केळी बारा महिने मिळतात. त्यांची भाजी पंधरा मिनिटांत होते, पण ती पिष्टमय, म्हणून त्या दिवशी भाकरी एक कमी. अंडी चालत असतील तर अडीअडचणीच्या रात्रीसाठी फ्रीजमध्ये ठेवाच. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पाच मिनिटांत रस्सा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. तुम्ही पाच माणसांबद्दल लिहिलंत, त्यात तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल एक शब्द नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेली पातळ डाळ आणि तुकडे झालेली भाकरी, असं तर होत नाही ना? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्या बायका म्हणजे तुम्ही, मी, आणि थोड्याच वर्षांत तुमची मुलगी. म्हणून पाचही ताटं एकदम वाढा आणि एकत्र बसा. डाळीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला. आणि तुमच्या यजमानांची पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात ते दुपारनंतर घरी असतात. कुकर लावणं, कोशिंबीर चिरणं, बाजारातून भाजी आणणं, ही कामं त्यांनाही जमतात. बारा वर्षांच्या मुलीला शिकवाल ते सात वर्षांच्या मुलालाही शिकवा.

सासूबाईंबद्दल शेवटी, पण नीट ऐका. ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, हा समज मला रोज खोडावा लागतो. वाढते. पोळीपेक्षा पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, पण तीन भाकऱ्या आणि वर भात असा हिशोब झाला तर ज्वारी काही करू शकत नाही. त्यांना कळण्याची एक किंवा दीड भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, त्याहून जास्त भाजी आणि ताजं ताक द्या. त्यांनी तुमच्यासाठी नऊपर्यंत थांबू नये. शिजलेली डाळ फ्रीजमध्ये असेलच, तुम्ही आल्यावर पहिली फोडणी त्यांच्या ताटापुरती द्या आणि आठच्या आत वाढा. आणि त्या गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर भाकरी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. जेवण कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरं वाटणं असं काही दिसलं, त्या शुद्धीत असल्या आणि त्यांना गिळता येत असलं, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा आणि त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.